दगडूआबा, भुऱ्या आणि भाड्याची खोली

“कुत्रा असेल तर नको,” म्हणत नवव्या घरमालकानेही फोन ठेवला. मी यादीतल्या त्याच्या नावावर रेघ मारली. समोर दगडूआबा बसले होते. साठी उलटलेली, गाव नांदूरघाटकडे, दोन्ही किडन्या निकामी.

अंबाजोगाईच्या एका रुग्णालयात मी मेडिकल सोशल वर्कर आहे. उपचार डॉक्टर करतात. पेशंट उपचारापर्यंत पोचेल याची सोय मी बघते. आबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिस लागायचं, म्हणजे मशीनवर रक्त स्वच्छ करून घेणं. परतताना एसटीत त्यांना चक्कर यायची. जवळ परवडणारी खोली मिळाली नाही तर डायलिसिस सुटणार, आणि ते सुटलं की माणूस फार दिवस काढत नाही.

“कुत्रा गावात कुणाकडे तरी ठेवा ना, आबा.”

“ठिवला व्हता, म्याडम. पाच दिस भाकरीला तोंड लावलं न्हाई त्येनं. पोरगं-सून ऊसतोडीला गेलेत, दुस्काळामुळं गाय चारा छावणीत हाय. घरात आमी दोघंच. त्येला सोडून मी न्हाई येत.”

दहाव्या घरमालकाला मी कुत्र्याचं सांगितलंच नाही. खोली मिळाली. दुसऱ्या सकाळी मालकीणबाईंनी आबांच्या कुत्र्याला, भुऱ्याला पाहिलं आणि दुपारी आबांचं गाठोडं दाराबाहेर आलं. मला न कळवता ते गावी निघून गेले. एक डायलिसिस चुकलं. गावकऱ्यांनी जीपमधून आणलं तेव्हा दम लागून त्यांना बोलता येत नव्हतं. किडन्या बंद असल्या की प्यालेलं पाणी बाहेर पडत नाही, अंगात आणि फुप्फुसात साठतं. आबा वाचले. चूक माझी होती.

रुग्णालयामागच्या एका गृहनिर्माण सोसायटीत वॉचमनची खोली रिकामी होती. सेक्रेटरी देशमुखसर, निवृत्त शिक्षक. या वेळी मी पहिल्याच वाक्यात कुत्र्याचं सांगितलं.

“कुत्र्याचं आमचं काही नाही हो,” ते म्हणाले. “पाण्याचं काय? टँकरवर चाललंय सगळं. कमिटीपुढे या.”

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. आबा आणि मी एका बाजूला, समोर कमिटी. दुष्काळ असला तरी आल्यागेल्याला पाणी विचारायची रीत सुटलेली नव्हती. आबांपुढे तांब्याभर पाणी आणि पेला आला. त्यांनी पेल्याला ओठ लावले आणि तो खाली ठेवला.

अध्यक्षा शांताकाकूंनी विषय काढला. “माणशी रोज एक कळशी पाणी हाय आमच्यात. नातवंडांना मोजून देतो आमी. कुत्र्याला कुठून द्यायचं?”

“माझ्या कळशीतलं देईन की,” आबा म्हणाले.

“अन् तुमी काय प्याल?”

आबांनी पिशवी जवळ ओढली. काकूंची नजर भरलेल्या पेल्यावर गेली. त्यांचा आवाज चढला.

“पाणी कावून घेत न्हाईत? आमच्या हातचं चालत न्हाई का तुमाला?”

 आमच्याकडे पाणी नाकारणं साधी गोष्ट नसते. मी बोलणार, तोवर आबांनी पिशवीतून बाटली काढली. सिस्टरने तिच्यावर अर्ध्याच्या थोडी वर चिकटपट्टी लावली होती.

“चालतंय की, माय. लई चालतंय. पर डाक्टरनं तोडलंय. दिसाला हितपातूर. च्या पिली तर ती बी ह्यातच. एवढ्या उन्हाळ्यात घसा लई सुकतो, पर वलांडता येत न्हाई. माझ्या वाट्याचं भुऱ्या पिईल. तुमच्या कळशीला हात न्हाई लावायचा आमी.”

काकूंनी पेला उचलला. त्यातलं पाणी परत तांब्यात ओतलं नाही. उठून कोपऱ्यात बांधलेल्या भुऱ्यापुढे, एका फुटक्या कुंडीच्या बशीत ओतलं. मग देशमुखसरांना म्हणाल्या, “लिहा. खोली दिली.”

भाडं आबांना झेपेल एवढंच ठरलं. अट एकच, दिवसा कुत्रा बांधलेला असावा.

आबा दीड वर्ष तिथे राहिले. त्यांचं एकही डायलिसिस चुकलं नाही. शेवटी हृदय थांबलं. या आजारात ते होतं. मुलगा आला, सामान आणि भुऱ्याला टेम्पोत घेऊन गेला.

आता पेशंटसाठी खोली विचारताना मी अडचण आधी सांगते. नकार जास्त येतात. पण लपवलेली अडचण दुसऱ्या दिवशी बाहेर येतेच, आणि ती आपल्याला नाही, पेशंटला भोगावी लागते.