भूमिकाचा ताप

पिंप्राळ्यातली कोकिळा घरीच साड्यांना फॉल-पिको करते. नवरा प्रेमराज एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात कामाला. त्यांच्या भूमिकाची जन्मानंतरची कावीळ काही हटेना, शी चुन्यासारखी पांढरी. मुंबईला नेल्यावर कळलं, पित्ताची नळीच बंद आहे. अडीच महिन्यांच्या पोरीचं ऑपरेशन झालं. आतडं थेट लिव्हरला जोडलं. काही दिवसांनी शी पिवळी झाली, तेव्हा कोकिळानं तो लंगोट वॉर्डातल्या बायांना हौसेनं दाखवला होता.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "आतड्यातले जंतू आता लिव्हरमध्ये चढू शकतात. ताप आला की त्याच दिवशी ॲडमिट करा." कागदावरही लिहून दिलं.

पाचव्या महिन्यात ताप आला. धुळ्याकडून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "दात ई राह्यनात पोरीले, म्हनीसन ताप शे." कोकिळा तरी कागद घेऊन जवळच्या दवाखान्यात गेली.

"व्हायरल आहे. औषध द्या, तीन दिवसांनी या," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, लिव्हरचं ऑपरेशन झालंय. कागद तर बघा."

"डॉक्टर तुम्ही की मी?"

ती उठून आली. तिसऱ्या दिवशी पोरीचे डोळे पिवळे, शी पांढरट. मग दुसरीकडे ॲडमिट केलं. दोन आठवडे इंजेक्शनं चालली. ताप गेला, डोळ्यांतला पिवळेपणा पुरता गेला नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा ताप, तोही रविवारी. मागे ॲडमिट केलं होतं, त्याच दवाखान्यात कोकिळा पोरीला घेऊन गेली. "मोठे डॉक्टर उद्या येतील," सिस्टर म्हणाली. कोकिळानं तिथूनच मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला आणि ड्युटीवरच्या डॉक्टरच्या हातात मोबाइल कोंबला. "तुम्हीच बोला त्यांच्याशी!" तासाभरात इंजेक्शन सुरू झालं.

पुढच्या तपासणीत मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "प्रत्येक इन्फेक्शननं लिव्हर कडक होत चाललंय. पुढेमागे बदलावं लागेल."

"ते तीन दिवस वाया गेले नसते तर?"

"ठाम नाही सांगता येत, ताई. पण वेळेवर औषध मिळायला हवं होतं."

बाहेर आल्यावर प्रेमराज म्हणाला, "तू तुझ्याकडून सगळं केलं."

"काय सगळं केलं? मी त्या दवाखान्यातून उठले कशाला? तिथंच बसून राहायला हवं होतं!"

आता भूमिका दहा महिन्यांची आहे, वजन जेमतेम सहा किलो. लिव्हरचा तुकडा द्यायला आईचा रक्तगट तिच्याशी जुळलाय. बाकीच्या तपासण्यांसाठी पुढच्या महिन्यात बोलावलंय.