जाऊबाई आणि मशीनबाई

आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या तावडीतून आजवर एकही भाजी सबंध सुटलेली नाही. चिखलीच्या बाजारात सकाळी दिमाखात मांडलेली कोबी, गाजरं, दुधी, मुळे दुपारपर्यंत जाऊबाईंच्या ओट्यावर कीस, काप, फोडी किंवा लगदा यांपैकी कोणत्या तरी रूपाला पोचलेली असतात. भाज्यांना डोळे असते, तर जाऊबाई पिशवी घेऊन येताना दिसताच त्या टोपलीतल्या टोपलीत खाली सरकल्या असत्या. फूड प्रोसेसर आता बऱ्याच घरांत असतो. माझ्याकडेही आहे, अकोल्याला, माळ्यावर, खोक्यासकट. पण हे यंत्र ज्या कामांसाठी जन्माला आलं ती सगळी, आणि ज्यांच्यासाठी आलं नव्हतं तीही, त्याने केलेली मी पाहिली ती फक्त जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात. दर सुट्टीला मी तिथे ओट्याशेजारी उभी राहून नुसती बघत असते. मदत करावी असं मनात येतं, पण बघण्यातच इतकं गुंतायला होतं की मदत राहून जाते.

मशीन घेतलं त्या दिवशी मी बरोबर होते. बाजारात एका भांड्यांच्या दुकानापुढे मांडव टाकून एक बाई ते कसं चालतं ते दाखवत होती. तिने गाजर किसलं, काकडीच्या चकत्या केल्या, जमलेल्या बायका ‘अगं बाई!’ म्हणाल्या. जाऊबाई पुढे सरकल्या. त्यांनी पिशवीतून मूठभर गवारीच्या शेंगा काढल्या आणि त्या बाईपुढे धरल्या. ‘गाजर तं किसनीबी किसते. हे चिरून दाखव.’ ती बिचारी शेंगा उभ्या घालाव्यात की आडव्या या विचारात पडली, तोवर जाऊबाईंनी पदर खोचून ताबा घेतला. शेंगांची जुडी करून झाकणावरच्या नळीत उभी बसवली, वरून दट्ट्या दाबला, आणि खाली एकसारखी बारीक गवार पडू लागली. जन्मात पहिल्यांदा त्या यंत्राला हात लावलेला! पुढचा अर्धा तास जमलेल्या बायका त्या दाखवणारीला सोडून जाऊबाईंनाच शंका विचारत होत्या आणि जाऊबाई उत्तरं देत होत्या. माझे थोरले दीर लांबून हे पाहत होते. ‘आता घ्याच लागन,’ एवढंच म्हणून ते दुकानात शिरले.

भक्तीचा एक प्रमाद मात्र सुरुवातीला घडला. आमच्याकडे खंडेनवमीला शेतीची अवजारं ओळीने मांडून पूजतात. त्या वर्षी विळे, वखर, फवारणीचा पंप आणि ट्रॅक्टरची चावी यांच्या पंक्तीत जाऊबाईंनी मशीनलाही बसवलं, झेंडूची माळ घातली आणि हळदीकुंकू वाहिलं. आता जाऊबाईंचा हात मोकळा. कुंकू नुसतं कपाळापुरतं लागलं नाही, नळीतून थेट पोटात गेलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या पंगतीला काकडीची कोशिंबीर गुलाबी झाली. ‘बीट घातलं का व?’ दिरांनी विचारलं. ‘हाव,’ जाऊबाई डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाल्या. पाहुण्यांनी तर दोनदा मागून घेतली. त्या संध्याकाळी जाऊबाईंनी मशीनचा भाग न् भाग वेगळा करून दात घासायच्या जुन्या ब्रशने पुसला. तेव्हापासून त्याची कोणती खाच कुठे बसते, हे त्यांना डोळे मिटूनही कळतं.

आता त्यांची सकाळ ऐका. आधी साठवलेली साय बर्फाच्या पाण्याबरोबर भांड्यात जाते, आणि आपण चहाचा कप रिकामा करेपर्यंत लोणी वर आलेलं असतं. मग भांडं विसळून कणीक. पीठ, मीठ, तेल घालून त्या नळीतून पाण्याची धार अशी बारीक सोडतात की बघणाऱ्याने श्वास रोखावा. पीठ आधी वाळूसारखं होतं, मग गोळे गोळे, आणि मग एकदम सगळं एकत्र येऊन भांड्याच्या कडा सोडून गरगर फिरू लागतं. ‘कडा सोडल्या का थांबाचं. त्याच्यावर फिरवलं तं पोळी चामट होते,’ हा त्यांचा मंत्र. शेंगदाण्याचा कूट करताना मशीन सलग चालवायचं नाही, बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबायचं, नाहीतर तेल सुटतं. उन्हाळ्यात सांडग्यांसाठी कोहळा किसायचा, मुंगवड्यांची भिजलेली डाळ वाटायची, उपासाला बटाट्याचा कीस करायचा. आणि गल्लीत कुणाकडे कार्यक्रम असला की त्यांचे कांदेही इथेच येतात. मध्येच लाईन गेली तर सगळी गल्ली हळहळते. जाऊबाई तेवढ्या शांतपणे झाकणावर हात ठेवून बसतात. चूल फुंकणाऱ्या बाईची मी जेवढी गाणी ऐकली आहेत, त्यातलं एखादं या बाईवर कुणीतरी रचायला हवं होतं.

पण मला खरी चकित करणारी गोष्ट वेगळीच होती. जाऊबाई मशीनशी बोलत. त्याचं कारण आमचे मामाजी, म्हणजे सासरे. जाऊबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरची रीत अशी, की सुनेने सासऱ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही. मी धाकटी, उशिरा आलेली, नोकरीवाली. माझ्यापर्यंत ती रीत पातळ झाली होती आणि मी बिनदिक्कत मामाजींशी गप्पा मारत असे. जाऊबाईंनी मात्र ती शेवटपर्यंत पाळली. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. त्या गेल्यावर मधलं माणूसच उरलं नाही. मग जाऊबाईंनी मशीनला मध्ये घातलं. मामाजी ओसरीवर बसलेले असत, स्वयंपाकघराचं दार समोर. ‘मशीनबाई, पानं वाढले म्हना,’ जाऊबाई भांडं पुसत मोठ्याने म्हणत. मामाजी ओसरीवरून खाकरत. ‘मशीनले म्हना, ठेचा खलबत्त्यातला पाह्यजे. मशीनचा ठेचा म्हंजे चटनी.’ ‘मशीनबाई, आजचा तुमचाच हाय, आन् काल त्याईनं तुमचाच दोन भाकरीसंग खाल्ला म्हना.’ यावर ओसरीवरून काही उत्तर येत नसे, पण ठेचा संपलेला असे. दोन माणसांत इतका आदर, इतकी खोडी आणि इतकं लक्ष मी फार कमी घरांत पाहिलंय, आणि यांच्यात तर एक शब्दही थेट गेलेला नव्हता.

मग मामाजींचं तोंडाचं मोठं ऑपरेशन झालं. आयुष्यभराची तंबाखू नडली. जबड्याचा एक भाग काढला, दात गेले, जीभ पुरती वळेना. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, सगळं अगदी मऊ करून द्या, आणि वजन उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारखं वरण, भात, भाजी, पोळी एकत्र फिरवून वाटीत दिलं. मामाजींनी त्या करड्या लगद्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. ‘आंबोन हाय हे. ढोरापुढं ठेवा,’ असं ते अडखळत म्हणाले. ढोरं स्वतः चांगली पाळलेला माणूस, आंबोण कशाला म्हणतात हे त्यांना नक्की ठाऊक. दोन घास, की वाटी बाजूला. गालांची हाडं वर येऊ लागली. दीर दाराआड जाऊन डोळे पुसत आणि बाहेर येऊन उगाच आवाज चढवत.

जाऊबाई तेवढ्या रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेक पदार्थ वेगळा वाटायला घेतला. वांग्याचं भरीत त्याच्याच रसात. ज्वारीची भाकरी ताकात भिजवून. मेथीची भाजी डाळीच्या पाण्याबरोबर. मिरची भाजून, बिया काढून, दह्यात कालवून, नुसता ठेच्याचा वास यावा म्हणून. प्रत्येक पदार्थानंतर भांडं, पातं, झाकण धुवायचं, पुसायचं, पुन्हा लावायचं, म्हणजे मेथीचा वास भरताला लागू नये. मग ताट वाढायचं ते अगदी रीतीप्रमाणे: वर मीठ, डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, मधे भाकरीचा पांढरा गोल. पहिल्या दिवशी ते ताट मी आत नेलं. मामाजींनी ताट जवळ ओढलं. मग बोटाने हिरव्याला स्पर्श केला, चाटलं, आणि म्हणाले, ‘मेथी.’ एवढंच. मी ते स्वयंपाकघरात येऊन सांगितलं तेव्हा जाऊबाई भांडंच घासत होत्या. ‘मशीनबाई, ऐकलं ना?’ त्या म्हणाल्या, आणि घासतच राहिल्या. नाकातल्या नळीचं नाव पुढे कुणी काढलं नाही.

पण मामाजी जेवत ते खोलीत, दार लावून, भिंतीकडे तोंड करून. घास तोंडातून ओघळे, हनुवटीवर येई. ते कुणी पाहू नये. आणि आमच्या घरात तर सर्वांत मोठ्या माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय पंगत हात लावत नाही. रोजचं कसंबसं निभावलं, कुणी शेतात, कुणी दुकानात जेवे. पण महालक्ष्म्या आल्या. सगळे भाऊ, पुतणे, जावई, सगळं कुटुंब जमलं. मामाजींनी माझ्याजवळ निरोप दिला, ‘तुम्ही बसा. माह्यी पंगत झाली आता.’ ते त्यांनी ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज मला सहन झाला नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन जाऊबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

जाऊबाईंनी देवींना नैवेद्य सबंध दाखवला. पुरणपोळी, वडे, सोळा भाज्यांची भाजी, आंबील, कढी. मग मागे वळून त्यांनी मशीनचं बटण दाबलं आणि सगळा स्वयंपाक वाटायला घेतला. सगळा. साऱ्या पंगतीचा. मी दारात उभी राहून बघत होते. पोळी दुधात, वडे कढीत, भाजी भाजीच्या रसात, एकानंतर एक, मधे धुणं-पुसणं, घाईचा लवलेश नाही. नवीन जावई पाटावर बसला, ताटाकडे पाहिलं, आणि बायकोकडे पाहिलं. थोरले दीर पुटपुटले, ‘मी वडा खाऊन राह्यलो का कढी पिऊन राह्यलो, हेच समजणार नाही.’ तेवढ्यात जाऊबाई डोक्यावर पदर घेऊन दारात आल्या आणि साऱ्या ओसरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘मशीनबाई, आज साऱ्याईच्या ताटात एकच हाय म्हना. ज्याले चावाचं अशीन, त्यानं उद्या घरी जाऊन चावावं. पहिला पाट मांडला हाय, आन् पंगत थांबली हाय म्हना.’

कुणी हललं नाही. कढीची वाफ निवली.  मग आतून दाराची कडी वाजली. मामाजी धोतर सावरत आले, पहिल्या पाटावर बसले, शेजारच्या ताटात वाकून पाहिलं, त्याच्या पुढच्या ताटात पाहिलं, आणि पुरणाचा घास घेतला. घास ओघळला. पण बघायला कुणाला सवड होती? सगळेच बोटांवरून निसटणाऱ्या पुरणाशी झुंजत होते, जावयाच्या तर कोपरापर्यंत कढी गेली होती. मामाजींनी ते पाहिलं आणि हसले. ऑपरेशनानंतर पहिल्यांदाच मी त्यांना हसताना पाहिलं. त्यांनी आंबील मागून घेतली. आणि आंबील वाढून जाऊबाई वळणार, इतक्यात त्यांनी मान वर केली आणि कुणालाही मधे न घालता विचारलं, ‘सुनबाई, तू जेवली का?’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जाऊबाई, ज्यांना उत्तरासाठी कधी क्षणभर थांबावं लागलं नव्हतं, त्या तशाच वळल्या. झपाट्याने आत गेल्या आणि बटण दाबलं. भांडं रिकामं होतं. मशीन नुसतंच घोंघावत राहिलं आणि पंगतीला वाटलं, अजून काहीतरी यायचंय.

मामाजींना जाऊन आता बराच काळ झाला. शेवटपर्यंत ते पहिल्या पाटावर जेवले. मागच्या सुट्टीत मी आणि जाऊबाई मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं, ‘ताई, त्या दिवशी तुम्ही उत्तर का नाही दिलंत?’

‘काय सांगू व? सकाळपासून उपाशी होती मी. जेवली म्हनलं असतं, तं महालक्ष्म्याईसमोर लबाडी झाली असती. नाही म्हनलं असतं, तं ते घास खाली ठेवून बसले असते, सून उपाशी हाय म्हनून. मंग बटन दाबलं.’ त्यांनी मेथीची एक काडी मोडली, पानं टोपलीत टाकली. ‘पन विचारलं व त्याईनं,’ त्या म्हणाल्या. ‘मलेच विचारलं.’

 आम्ही दोघी उरलेली मेथी निवडत राहिलो.