सासूला बघून ये

"अरे, बघून ये म्हटलं होतं! बघून! घेऊन ये नव्हतं म्हटलं! कानात बोळे कोंबले होतेस का?"

आत्याचा आवाज कारखान्याच्या पत्र्यावर आदळून माघारी येत होता. समोर तिचा सख्खा भाचा, जहाजावरचा तांडेल, मान खाली घालून उभा. मधे ओल्या फरशीवर शिंपल्यांनी मढलेलं लांबट यंत्र आडवं पडलेलं. हीच ती सासू.

"वायरलेसवर खरखर होती, आत्या. मला घेऊनच ऐकू आलं."

"आणि दोर कापलास? सासूला आणायचं म्हणून पाय तोडून आणतात का रे?"

मागचे दोघे वेल्डर हसू लपवायला पाठमोरे झाले.

सासू-सून हा प्रकार आत्याचाच. समुद्रात पाण्याचं भलंमोठं रहाटगाडगं फिरतं. वरचं कोमट पाणी थंड मुलखाकडे जातं, तिथं गारठून जड होतं, बुडतं आणि तळातळानं परत फिरतं. हे गाडगं कधी नेटानं चालतं, कधी रेंगाळतं. रेंगाळणं चार वर्षांचे नखरे की कायमचा थकवा, हे कळायला माणसाची निम्मी हयात जाते. तोवर एकाच जागी तळाला दोरानं बांधलेलं यंत्र ठेवून वेग मोजत राहायचं. यंत्र म्हातारं झालं की शेजारी नवं सोडायचं आणि दोघींनी वर्षभर एकाच पाण्यात नांदायचं. दोघींच्या सांगण्यातला फरक कळल्यावरच म्हातारीला वर घ्यायचं. आत्या त्याला सासुरवास म्हणायची, मग सगळेच म्हणू लागले.

लेक पोटात असताना आत्यानं या जागेचा पहिला दोर गुंफला होता. लेकीची लेक आता शाळेत जाते. इतक्या वर्षांत सासुरवास एकदाही चुकला नव्हता. आणि आता भाच्यानं नुकत्याच सोडलेल्या सुनेनं पहिल्याच निरोपात वेग कमी सांगितला होता. समुद्र मंदावला, की सूनच हळू बोलते? सांगणारी तर इथं फरशीवर पडलेली.

आरडाओरडा ऐकून साहेब खाली आले. "एवढं काय आभाळ कोसळलंय? नवं यंत्र पारखून घेतलंय आपण."

"हौदात पारखलंय, साहेब. माहेरी सगळ्याच गुणाच्या असतात. सासूला परत तिच्या जागी सोडायला हवं."

"जुन्या-नव्या नोंदींत खंड पडेल, पडू दे. जहाज संध्याकाळी सुटतंय. डेकवर जागा नाही."

आत्यानं हातातला दोर विणायचा टोच्या फळीवर आपटला. "खंड पुढचाच पडत नाही, मागचंही तोडतो! उद्या तुम्ही म्हणाल प्रवाह घटला. दुसरा म्हणेल, तुम्ही यंत्र बदललं होतं. तुमची पण हयात पाण्यात, माझी पण पाण्यात. मग बसा दोघं काठावर!"

साहेबांनी सासूचा कापलेला दोर उचलून पाहिला. मग म्हणाले, "चूक कुणाची लिहू?"

"माझी लिहा. सरळ बोलायचं सोडून सासू-सून करायची हौस मलाच. आणि या बहिऱ्याची पण लिहा, खाली, ठळक."

"जहाज सुटायच्या आत दोर झाला, तर जागा करतो."

आत्यानं आभार मानले नाहीत. बुटक्या स्टुलावर बसली, नव्या दोराचे पेड उकलले आणि एक टोक भाच्याच्या अंगावर फेकलं.

"धर. आणि धर म्हणजे धर. सोड ऐकू आलं तर याद राख."

त्यानं दोन्ही हातांनी धरलं. तिनं टोच्या पिळात घुसवला.