जावियाची फुकटची कॉफी

दातुक मारुहुम गावचा प्रमुख कसला, डच साहेबाच्या वखारीचा हमाल! फरक एवढाच, की हमाल पाठीवर ओझं वाहतो आणि हा चांदीच्या मुठीची काठी मिरवतो. कॉफी पिकवायची गावाने, बिया सक्तीने वखारीत घालायच्या त्याही साहेब देईल त्या दराने, आणि दर पोत्यामागे दलाली खायची याने. गावाच्या नशिबी फक्त झाडाची पानं. ती धगीवर भाजायची, उकळायची आणि करवंटीतून प्यायची. वखारीसमोर जावियाचं दुकान होतं, ते या पानांच्या कॉफीचंच.

जाविया ही दातुकची सख्खी धाकटी बहीण. तिच्या पोराला, लेमानला, डचांनी आचे प्रांतातल्या लढाईवर दारूगोळा वाहायला धरून नेलं, तेव्हा या मामाने तोंडातून ब्र काढला नाही. मिनांगकाबाऊ मुलखात भाच्यावर बापाआधी मामाचा हक्क. तो हक्क याने साहेबाच्या बुटांशी नेऊन ठेवला.

"रडतेस काय, वेडे?" वर तिलाच म्हणाला. "जितक्या बिया घालशील, तितकी लढाई लवकर संपेल. पोरगं घरी येईल."

"खरंच ना, दादा?"

"मग? साहेब खोटं बोलेल?"

बिचारीने विश्वास ठेवला. राबराब राबली. लोकांनी टाकून दिलेल्या मळ्यांतूनही बिया वेचून तिने वखारीत घातल्या. लेमानचा पत्ता नव्हता.

मग एकदा साहेब वखार बघायला आला. घाम पुसत खुर्चीत रुतला आणि खूश होऊन दातुकला म्हणाला, "शाब्बास! तुमच्या कॉफीच्या पैशावर आम्ही आणखी दहा वर्षं लढू."

दातुक लाळ घोटत हसला. समोर जाविया करवंट्या विसळत होती. तिचा हात थांबला. पोराला तिकडे अडकवून ठेवणारी लढाई आपणच पोसली, हे तिला कळलं आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवसापासून ती आपल्या मळ्यातल्या झाडांची पानं ओरबाडू लागली. दुकानात कॉफी फुकट! बाजारातली माणसं तुटून पडली. कारण कळलं तशा गावच्या बायकाही टोपल्या भरभरून पानं आणू लागल्या. बोडक्या झाडाला फळ कुठून धरणार?

हे न कळलेला गावात एकच. फुकटचं म्हटल्यावर दातुक रोज येऊन बसायचा, सगळ्यांपेक्षा जास्त ढोसायचा आणि पोती घटली म्हणून दैवाला शिव्या घालायचा.

जाविया आता त्याला दादा म्हणत नसे. मोठ्या अदबीने करवंटी पुढे करायची.

"घ्या दातुक, अजून एक. जितकी प्याल, तितकं पोरगं लवकर घरी येईल."

दातुक तीही रिकामी करायचा.