आंबागडला घडी पाहायला गेलो त्याची गोष्ट

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगतो. जाऊ द्या, कबूल करूनही तुम्ही हसालच. आमच्या घरी तर अजून हसणं चालू आहे.

तुम्हाला माझं वेड माहीत आहे. मोहाडीत माझं साड्यांचं दुकान, पण जीव अडकलाय जुन्या घड्यांमध्ये. त्यातही त्या आकड्यांच्या, काळ्या पट्ट्याच्या, बटण दाबलं की लाइट लागणाऱ्या. आम्ही शाळेत होतो तेव्हा वर्गातल्या एकाच पोराकडे तशी होती, अन बाकीचे सगळे त्याला दर पाच मिनिटांनी टाइम विचारायचो. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. आमच्या भागात घड्याळ कोणी म्हणत नाही. घडी म्हणतात. ती घडी. सगळा घोळ त्या 'ती'नं केला.

तर झालं असं, मोबाइलवर एक जाहिरात दिसली. अगदी तशीच घडी. विकणारा मंगेश, गाव आंबागड, नोकरीला नागपूरला. फोन केला. तो म्हणाला की घडी गावच्या घरी आहे, कधी चालते कधी नाही, नेऊन ठेवून पाहा, नाही जमली तर परत करा. बाबांना सांगून ठेवतो, रविवारी जाऊन या.

रविवारी दुकानावर बायकोला बसवलं, गाडी काढली, तुमसरवरून आंबागड गाठलं. किल्ल्याच्या पायथ्याशी घर. अंगणात सडा, रांगोळी, ओसरीवर नवी चादर. मला वाटलं, गिऱ्हाइकाचा काय मान ठेवतात हे लोक!

मंगेशचे वडील शामरावजी हात जोडूनच पुढे आले. त्यांच्यामागे मंगेशचे काका. उंच, रुंद, मिशीवाले, अन बोलण्याची अजिबात घाई नसलेले.

"मोहाडीकडून ना जी?" शामरावजींनी विचारलं.

म्हटलं, हो.

"एकटेच आले? बाकीचे मागून येऊन राहिले का?"

बाकीचे? म्हणजे घडीला आणखी गिऱ्हाइकं आहेत तर! मी लगेच सांगून टाकलं, "बाकीचे येवो का न येवो, पहिले मी पाहीन. पसंत पडली तर आत्ताच घेऊन जाईन. गाडी आणलीच आहे."

शामरावजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्या गाडीकडे पाहिलं.

शामरावजी हळूच म्हणाले की तयार होऊन राहिली, बसा जरा. मी समजलो, आत कोणीतरी घडी पुसून चकाचक करत आहे. जुन्या वस्तूवाल्यांची ही युक्ती मला पाठ. मी सांगितलं, तयार-बियार करू नका, जशी आहे तशीच दाखवा, चमकवून आणली की खरं काय ते समजत नाही.

मग मी मुद्द्यावर आलो.

"मधात मधात चालत नाही म्हणे?"

"कोण म्हणलं?" हा काकांचा पहिला शब्द.

"मंगेशच म्हणला. मनात आलं तर चालते, नाही तर दिवसभर नाही."

शामरावजींचा चेहरा पडला. पण माणूस भला. ते समजावून सांगायला लागले की असं काही नाही जी, धानाच्या रोवणीत आमची दिवसभर पाण्यात राहते, तरी तक्रार नाही. मी तर चाटच पडलो. इतकी जुनी घडी, अन दिवसभर चिखलपाण्यात? खूश होऊन विचारलं, "अन चिखलानं खराब नाही झाली?"

आतल्या खोलीत कपबशी वाजली अन एकदम थांबली.

आता सांगा, इथं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता की नाही? नाही पडला. मला वाटलं, मंडळी भाव वाढवायला गप्प बसली आहेत. म्हणून मी शेवटचं सांगून टाकलं, "हे पाहा, देण्याघेण्याचं माहं मंगेशसोबत झालं आहे. आठ-पंधरा दिवस घरी ठेवून पाहतो. बंद पडली तर वापस आणून देतो."

काका उठले. एकदम नाही, हळूहळू उठले, अन ते उठतच राहिले. ओसरीच्या आढ्याला त्यांचं डोकं लागेल असं वाटलं मला. त्यांनी धोतराचा सोगा खोचला. माझे जोडे अंगणाच्या त्या टोकाला, गाडी त्याच्याही पुढे. मी उगाच हसून पाहिलं. ते हसले नाहीत.

तेवढ्यात दारात जीप थांबली.

जीपमधून एक पागोटेवाले गृहस्थ, दोन बाया, एक प्रौढ माणूस अन नवा शर्ट घातलेला तरुण असे उतरले. काका मला सोडून थेट त्यांच्यावर गेले. त्यांना जोडेही काढू दिले नाहीत.

"आल्या पावली वापस जा. आमची पोरगी ठेवून पाहाची वस्तू नाही. तुमच्या पुढं आलेल्या मामानं सारं सांगतलं."

पागोटेवाल्यांना काहीच कळेना. "आमचे मामा?" ते म्हणाले. "आमचे मामा तर हे." अन शेजारच्या माणसाकडे बोट दाखवलं.

मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

तो क्षण काही विचारू नका. सडा, रांगोळी, चादर, 'तयार होऊन राहिली', रोवणी, चिखल, सगळं एकदम डोक्यात फिरलं. मी कोणाच्या पोरीबद्दल काय काय बोललो होतो!

पागोटेवाल्यांनी तर वेगळाच अर्थ काढला. ते सांगायला लागले की त्यांच्या पोराचं आधीचं एक स्थळ असंच कोणी मधे घुसून मोडलं होतं. "याले कोणी पाठवलं, ते विचारा पहिले." काकांनी फाटकाची कडी लावली. माझी गाडी जीपच्या मागे अडकली होतीच. मंगेशला फोन लावला तर बंद. रविवारीही त्याची पाळी होती, अन कामावर असताना फोन बाहेर ठेवावा लागतो.

"मी घडी पाहाले आलो जी," मी म्हणालो.

"कोणती घडी?" शामरावजी म्हणाले. मंगेशनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ना माझ्याबद्दल, ना घडीबद्दल.

तेव्हा आतल्या दारातून पोरगी बाहेर आली. प्रतिभा तिचं नाव. तिनं मघापासून सगळं ऐकलं होतं. तिच्या हातात चहाच्या ट्रेऐवजी पत्र्याचा डबा होता. ती वडिलांना म्हणाली, "बाबा, हे तुमच्या लग्नातल्या घडीबद्दल बोलून राहिले. दादानं फोटो टाकला होता मोबाइलवर." अन माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाली, "रोवणीत मी राहते पाण्यात. घडी नाही."

डब्यात तीच घडी होती. काळी, सुंदर, अन ठार बंद.

वाटलं, सुटलो. कुठचं काय! पागोटेवाल्यांनी घडी उलटसुलट करून पाहिली अन म्हणाले, "बंद घडीसाठी मोहाडीवरून आंबागडले कोण येते? खोटं बोलाची बी काही रीत असते."

म्हणजे माझी अवस्था पाहा. मी शहाणा ठरलो तर मार खाणार होतो. वाचायचं तर सगळ्यांसमोर मूर्ख ठरणं भाग होतं. अन त्या बाबतीत एकच साक्षीदार होता. मी बायकोला फोन लावला अन स्पीकर सुरू केला. शोभाला म्हटलं, मी इथं कशाला आलो ते या लोकांना सांग.

तिनं काय झालं, कोण लोक, काही विचारलं नाही. वाटच पाहत असल्यासारखी सुरू झाली.

"बंद घडी घ्याले गेले ना? हो जी, माहेच मालक आहेत ते. आलमारीत अशा बंद घड्याच घड्या आहेत, एक बी टाइम सांगत नाही. माह्या साड्या ठेवाले जागा नाही. लग्नात सांगतलं असतं तर मी इचार केला असता. तुमाले हात जोडते, त्यायले पाणी द्या, जेवाले द्या, पण घडी देऊ नका."

फोन बंद झाला. आधी जीपमधली एक बाई फिसकन हसली. मग दुसरी. मग खुद्द काका. त्यांनी फाटकाची कडी काढली अन माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप मला मोहाडीपर्यंत जाणवत होती.

पाहण्याचा कार्यक्रम माझ्यासमोरच झाला, मला जाऊ देईनात. प्रतिभानं मुलाला दोनच गोष्टी विचारल्या, त्याला धड उत्तर देता आलं नाही, तरी दोघं एकमेकांकडे पाहून हसले. पोहे आले. मीही खाल्ले. एवढ्या भीतीनंतर भूक फार लागते हो.

निघताना खिशातला नवा सेल काढला अन शामरावजींना म्हटलं, एकदा टाकून पाहू. सगळे वाकून पाहायला लागले. झाकण बसवलं, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. अन आकडे आले! शामरावजींनी घडी माझ्या हातातून घेतली, मनगटावर बांधली अन बाही खाली ओढली. म्हणाले, "चालू झाली, आता कायले इकू?"

सेल माझा, घडी त्यांची. रिकाम्या हातानं घरी आलो. बायको भलतीच खूश. आल्याबरोबर गरम चहा दिला, समोर बसली, सगळं नीट ऐकून घेतलं. किती दिवसांनी ती माझं असं ऐकत होती! मीही रंगात आलो.

मग तिनं सहज विचारलं, "अन पोरगी दिसाले कशी होती?"

दिवसभर जीव मुठीत धरून बसलेला माणूस मी, जरा सैल पडलो होतो. बोलून गेलो, "फार सुंदर होती."

माझ्या हातातला अर्धा कप चहा तिनं तसाच उचलून आत नेला.