वाळायला ठेवलेली खुर्ची

आमच्या गल्लीत त्यांना सगळे खुर्चीवाल्या वहिनी म्हणतात. माझं सुतारकामाचं दुकान शेजारीच होतं. मी खुर्चीचा सांगाडा करायचो, त्या वेताची बैठक विणायच्या. नवऱ्यामागे दुकान त्यांनी एकटीने चालवलं. त्यांची बैठक सैल पडत नाही एवढंच त्यांचं नाव, आणि पोट त्याच्यावरच.

वेताची पट्टी आधी पाण्यात भिजवावी लागते. ओली असली की वाकते, ताणता येते. विणून झाल्यावर खुर्ची सावलीत ठेवायची. वाळता वाळता पट्टी आवळते आणि बैठक ताठ होते. तोवर तिच्यावर कुणी बसायचं नाही. हे थांबणंही कामातच धरायचं असतं.

कारखान्यातल्या तयार खुर्च्या आल्या आणि वहिनींचं गिऱ्हाईक आटलं. तेव्हा त्यांच्या धाकट्या दिराने मोबाइल काढला.

"भाऊजी, माझं तोंड नका घेऊ त्यात."

"वहिनी, तोंडाला कोण विचारतंय? हात दाखवायचेत."

"मग मघाशी केस विंचरून या म्हणालात ते कशाला?"

व्हिडिओ चांगला झाला. हात भराभर चालताना दिसायचे, रिकाम्या चौकटीत जाळी भरत जायची, शेवटी खुर्ची तयार. मिनिटभरात सगळं. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. दुकानासमोर मोडक्या खुर्च्यांची रांग लागली. पण माणसं खुर्ची ठेवून जाईनात, बाकावर बसून राहत. "होईलच ना आता? व्हिडिओत तर बघितलं."

एक नर्स आली. वडील दिवसभर त्याच खुर्चीत बसतात, आजच हवी, म्हणाली. वहिनींनी विणून दिली. पट्टी ओली होती. उद्यापर्यंत बसू देऊ नका, असं त्यांनी बजावलंही. पण म्हातारा माणूस तोवर बसणार कुठे? आठवड्याच्या आत खुर्ची परत आली. बैठकीला खळगा पडला होता.

"बाबांना त्यातून उठता येत नाही," नर्स म्हणाली. आवाज चढवला नाही.

वहिनींनी आपल्या घरातली खुर्ची तिच्याबरोबर पाठवली. परत आलेल्या खुर्चीची जाळी कापून काढली आणि पुन्हा विणायला घेतली. विणता विणता दिराला म्हणाल्या, "आता वाळतानाची दाखवा."

"नुसती खुर्ची? त्यात घडतंय काय? लोक अंगठ्याने पुढे सरकवतील."

"सरकवू देत. ज्यांना थांबायचं नाही त्यांनी इथवर येऊच नये."

"धंदा बुडवायचा विडा उचललाय तुम्ही."

"तुम्ही आधी मोबाइल उचला."

नव्या व्हिडिओत विणणं थोडं आहे. मग भिंतीपाशी ठेवलेली खुर्ची, तिच्यापुढच्या जमिनीवरून सरकत जाणारं ऊन, मागून कुणीतरी बादली घेऊन जातं. बाकी काही नाही. तो फारसा कुणी पाहिला नाही. रांग विरळ झाली. जे येत ते खुर्ची ठेवून निघून जात.

परवा मी तिथे बसलो होतो. एक जण खुर्ची घेऊन आला. "तासाभरात मिळेल ना? व्हिडिओ बघून आलोय."

"शेवटपर्यंत बघितला नाहीत वाटतं."

"पुढे नुसती खुर्चीच दिसत होती. बंद केला."

"तेही कामच आहे. उद्या संध्याकाळी या."

त्याने जरा विचार केला, खुर्ची उचलली आणि चालता झाला. दीर काहीतरी बोलणार होता. वहिनींनी त्याच्या हातात पट्ट्यांचा जुडगा दिला.

"भिजत घाला," त्या म्हणाल्या.