आडवी ठेवलेली बाटली

माणिकराव गेल्याची बातमी मला वालूरच्या बाजारात एका आडत्याने दिली आणि ‘देवमाणूस होता’ हे शब्द त्याच श्वासात जोडले. हाच गृहस्थ त्यांना हयातीत ‘पिणारा दरोगा’ म्हणत असे, हे मी स्वतः ऐकलेले आहे. माणूस मेला की त्याच्याविषयी दिलेली साक्ष आपोआप फिरते, असा कायदा माझ्या वाचनात नाही. पुढे शोकसभा झाली. तीत दारूच्या गुत्तेदारापासून नायब तहसीलदारापर्यंत प्रत्येकाने एकच वाक्य आळवले... माणिकरावांनी दारूच्या थेंबालाही कधी स्पर्श केला नाही. आबकारी खात्याच्या ज्या दरोग्याची निम्मी नोकरी दारू चाखण्यात गेली, त्याच्याविषयी हे बोलले जात होते आणि मंडळी माना डोलावत होती.

आमची ओळख माझ्या अर्जामुळे झाली. दरोगा भरदिवसा शिंदीच्या दुकानात पितो, अशी तक्रार मी जिल्ह्याच्या तालुकदारांकडे केली होती. माणिकराव स्वतः माझ्या दारी आले. “अर्ज तुमीच केला ना, वकीलसाब? मग चला, बघा.” दुकानात त्यांनी एक घोट जिभेवर धरला, डोळे मिटले, थुंकला, आणि पाणी किती व ते कोणत्या विहिरीचे हे सांगितले. गुत्तेदार पांढराफटक पडला. चाखणाऱ्याने आपला निकाल न पिणाऱ्या माणसासमोर मोठ्याने सांगावा, असा त्यांचा स्वतःचा नियम होता. पिणारा साक्षीदार कशालाही हो म्हणतो. मी गळ्यात लिंग धारण करणारा, दारूला न शिवलेला. त्या दिवसापासून मी त्यांचा पंच झालो. अर्ज मात्र मी मागे घेतला नाही, दुरुस्त केला; न चाखता ‘माल शुद्ध’ असे दाखले देणाऱ्या त्यांच्या वरिष्ठाविरुद्ध तो पाठवला. परिणामी त्या वरिष्ठाला बढती मिळाली आणि माणिकरावांची चुडाव्याला बदली झाली.

त्याच सुमारास सोनपेठकडच्या एका जहागीरदाराने बंगल्याला फरशी करण्यासाठी इटलीचा कारागीर आणला होता. त्याने गावाकडची तांबडी दारू सोबत आणली होती. द्राक्षे छपराखाली मनुकांसारखी सुकवून मग ती गाळतात म्हणे. जहागीरदारसाहेबांनी तीत बर्फ आणि साखर घातली, एका संध्याकाळी निम्मी पेटी संपवली आणि हा नुसता आंबलेला सिरका आहे असा निर्णय दिला. माणिकराव मात्र एकच घोट जिभेवर घोळवत राहिले. ते पाहून खूश होऊन कारागिराने उरलेल्या तीन बाटल्या त्यांना दिल्या आणि खुणेने सांगितले : आडव्या ठेवा, थांबा.

पहिली त्यांनी त्याच थंडीत माझ्यासमोर उघडली. जांभळाची साल, कच्च्या कवठाचा तुरटपणा, मागून कडुनिंबाची काडी, असे एकेक सांगत गेले. “आजून भांडायलीय,” म्हणाले. थुंकली नाही, म्हणून मी हरकत घेतली. “ही सरकारी न्हाई, वकीलसाब.”

दुसरी उघडली तेव्हा लढाई पेटली होती. इटली शत्रू ठरल्यामुळे जहागीरदारांनी त्याच फरशीवर सतरंज्या अंथरल्या होत्या; पूर्वी ती दाखवण्यासाठी हेच पाहुण्यांना जोडे काढायला लावत. माणिकराव मात्र ती शत्रूची बाटली घेऊन दार उघडे टाकून बसले. आता मनुका आली होती, जुन्या गुळाची ढेप, सुकलेले तंबाखूचे पान, घोड्याच्या जिनाचे कातडे... कडूपणा गेला नव्हता, पण मागे जाऊन बसला होता. “आता बोलायलीय. लय हळू. गपचिप ऐकावं लागतं.” तिसरी आणखी पाच-सहा वर्षे ठेवायची असे ठरले.

शेवटच्या भेटीत ते तापाने खाटेला लागले होते. तिसरी बाटली कोनाड्यात, गारव्यासाठी ओल्या गोणपाटावर आडवी होती. आता उघडू या, असे मीच सुचवले. त्यांनी मान हलवली. “जीभ गेली, वकीलसाब. पाणीबी लाकडावानी लागायलंय. आता कायबी सांगितलं तर खोटा दाखला हुईल.” थोड्या वेळाने म्हणाले, “तुमी न्या. इथं टिकायची न्हाई.” तुम्ही आहात तोवर ती इथेच राहू द्या, असे मी म्हणालो.

शोकसभेहून मी थेट त्यांच्या घरी गेलो. चिरंजीव यशवंतराव बाटली हातात घेऊन मोरीपाशी उभे होते. “काका, लोकं काय म्हणतील? दादांचं नाव जाईल.” ज्या बापाने जिभेशी कधी लबाडी केली नाही, त्याचे नाव हे मोरीत धुवायला निघाले होते. मी त्यांना समजावले नाही. देणाऱ्याने शुद्धीवर असताना बोलून दिलेली वस्तू माझी आहे, आणि ती ओतणे हा अपराध ठरेल, एवढे सांगून हात पुढे केला. कायद्याला नव्हे, माझ्या अर्जांना भिऊन त्यांनी ती दिली.

आता ती माझ्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आडवी आहे. लिंगपूजा आटोपली की मी गोणपाटावर पाणी शिंपडतो. म्हातारपणी वकीलसाहेब प्यायला लागले, अशी चर्चा बाजारात आहे. त्या प्रत्येक मुखाला मी स्वतंत्र पत्र लिहिले आहे. एका पत्रोत्तरात, ती दारू आता कशी झाली असेल, असे कुत्सितपणे विचारले आहे. मला ठाऊक नाही. चाखणारा गेला, पंच तेवढा उरला. न चाखता दाखले देणारे या तालुक्यात पुष्कळ आहेत. त्यांत एकाची भर मी घालणार नाही.